दीड हातावर थांबणारा संदेश

एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. आमच्याकडे विषय आला होता विद्युतचुंबकीय तरंगांचा. नुसते फळ्यावर बोलण्यापेक्षा हातात धरायला काहीतरी असावे, म्हणून आमच्या सायकलवरचा बिनतारी वेगमापक काढून बरोबर नेला होता. दुकानदार त्याला ‘सायकलचा कॉम्प्युटर’ म्हणतात. नाव मोठे आहे, काम मात्र मोजणीचे.

पुढच्या चाकाच्या एका आऱ्यावर लहानसा चुंबक बसवायचा. चाक धरणाऱ्या चिमट्याच्या एका पायावर काडेपेटीच्या निम्म्या आकाराची डबी बसवायची. चाक फिरले की दर फेरीला चुंबक डबीसमोरून जातो. डबीत काचेची एक बारीक नळी असते आणि तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना जेमतेम न टेकता उभ्या असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. १९३६ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी तो टेलिफोनसाठी तयार केला. पट्ट्या चिकटल्या की डबी एक क्षणिक संदेश सोडते. हँडलवरची पडद्याची डबी तो पकडते, दोन संदेशांमधला वेळ मोजते, आणि चाकाच्या परिघावरून वेग दाखवते. परीघ २.१ मीटर असेल आणि सायकल ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर सेकंदाला साधारण अडीच ते पावणेतीन संदेश जातात.

आम्ही हे सगळे टेबलावर मांडून दाखवले. संवेदकासमोर चुंबक हलवला की पडद्यावर आकडा येई. मागच्या बाकावरचे एक सर उठून पुढे आले. त्यांनी संवेदक उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि तिथे चुंबक हलवला. पडदा शून्यावरच. हळूहळू जवळ आणत गेले. साधारण सत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे दीड हातावर, आकडा पुन्हा उमटला.

“आता सांगा,” ते म्हणाले, “आकाशवाणी शेकडो किलोमीटरवरून ऐकू येते. हा रेडिओ टेबलसुद्धा ओलांडत नाही?”

आम्ही चटकन उत्तर दिले. एवढासा बटणासारखा घट, त्याची शक्ती ती किती? म्हणून पल्ला कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “पण सर, माझ्या मुलाच्या सायकलला नव्या प्रकारचा संवेदक आहे. त्यातही हाच सीआर २०३२ घट आहे, मीच बदलते. तो तर अंगणातून घरातल्या मोबाइलला वेग कळवतो.”

घट तोच, आकार जवळजवळ तोच, आणि एकाचा पल्ला दीड हात तर दुसऱ्याचा दहा-पंधरा मीटर. म्हणजे आमचे उत्तर चुकीचे होते. तसे कबूल करून आम्ही दुसऱ्या दिवशीच्या तासाची मुदत मागून घेतली. पुढे लिहिले आहे ते बरेचसे त्या दुसऱ्या तासातले आहे.

सरांच्या प्रश्नातच एक चूक लपलेली होती, आणि आमच्याही मनात ती होती. या जुन्या पद्धतीच्या यंत्राला आपण ‘रेडिओ’ म्हणतो, पण व्यवहारात तो रेडिओ नव्हेच. ते एक रोहित्र आहे. शाळेत शिकवताना आपण एका गाभ्यावर दोन वेटोळी दाखवतो. एकात बदलती विद्युतधारा सोडली की दुसऱ्यात विभवांतर निर्माण होते. फॅराडेने १८३१ साली दाखवलेले हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. आता त्या रोहित्राचा गाभा मधोमध कापा, एक वेटोळे सायकलच्या चिमट्यावर ठेवा आणि दुसरे हँडलवर. मधली हवा उरते, म्हणून जोड अतिशय कमकुवत होते, पण तुटत नाही. संवेदकातल्या बोटाच्या पेराएवढ्या वेटोळ्यातून सेकंदाला काही दशसहस्र ते लाखभर वेळा उलटसुलट होणारी धारा जाते, तिचे चुंबकीय क्षेत्र भोवती पसरते, आणि हँडलवरच्या वेटोळ्यात त्याचा थोडासा अंश उमटतो.

मग या वेटोळ्यातून तरंग निघत नाहीत का? निघतात, पण नगण्य. लाख हर्ट्‌झ वारंवारतेच्या तरंगाची लांबी तीन किलोमीटर भरते. तीन किलोमीटरचा तरंग आणि तो सोडायला पेराएवढे वेटोळे! वर्गातला नादकाटा आठवून पाहा. २५६ हर्ट्‌झचा काटा वाजवून हातात धरला तर चार बाकांपलीकडे ऐकू येत नाही. कानाशी नेला की स्पष्ट ऐकू येतो. त्या आवाजाची तरंगलांबी सव्वा मीटरहून थोडी जास्त असते, आणि काट्याची पाती जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. पाती पुढे सरकते तेव्हा तिच्यापुढची हवा दाबली जाऊन दूर जाण्याऐवजी कडेने मागे निसटते. हवा हलते, पण तिथल्या तिथे. वेटोळ्याच्या क्षेत्राचेही तसेच होते. ऊर्जा वेटोळ्याभोवती पसरते आणि धारा उलटली की बहुतेक सगळी परत येते. पसरून कायमची निघून जाते ती जवळजवळ काहीच नाही.

अशा उगमाभोवतीच्या या जागेला निकटक्षेत्र म्हणतात. त्याची हद्द साधारण तरंगलांबीच्या एक षष्ठांश अंतरावर येते. (नेमके सांगायचे तर तरंगलांबी भागिले दोन पाय.) लाख हर्ट्‌झला ती हद्द पावणेपाचशे मीटरवर आहे. आपली सायकल आणि तिच्यावरचे सगळे सामान हद्दीच्या पुष्कळ आत राहते. त्या हद्दीपर्यंत पोचेतो क्षेत्र इतके क्षीण होते की सत्तर सेंटिमीटरवर होते त्याचा बत्तीस कोटींतला एक भाग उरतो. पलीकडे तरंग असले तरी ते पकडणार कोण?

हा फरक एकाच जागी, पाच वर्षांच्या अंतराने, साऱ्या जगाला पाहायला मिळाला होता. इंग्लंडच्या टपाल खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी १८९२ साली वेल्सच्या किनाऱ्यावरील लॅव्हरनॉक पॉइंट ते ब्रिस्टलच्या खाडीतले फ्लॅट होम बेट असा तारेविना संदेश पाठवला. अंतर सुमारे पाच किलोमीटर. पद्धत प्रवर्तनाची, म्हणजे आपल्या सायकलवाल्या यंत्राचीच. किनाऱ्यावर खांबांवरून एक लांबलचक तार ताणली, बेटावर तिला समांतर दुसरी. पद्धत चालली, पण अंतर वाढवायचे तर तारही त्या मानाने वाढवावी लागे, आणि बेट लहान असले तर तार ताणायची कुठे? १८९७ च्या मे महिन्यात मार्कोनीने याच लॅव्हरनॉक आणि याच बेटादरम्यान तरंगांनी संदेश पाठवला. त्याला पाठबळ होते ते प्रीस यांचेच. पुढे चार वर्षांत मार्कोनीने अटलांटिकपार संदेश गेल्याचे जाहीर केले. प्रीस यांची पद्धत मागे पडली. सायकलवर आली ती मागे पडलेली पद्धत.

आता पल्ल्याकडे वळू. तरंग दूर जाताना त्याच्या क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट तर तीव्रता निम्मी. निकटक्षेत्रात मात्र लहान वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट तर तीव्रता एक अष्टमांश. हा घन वर्गात मुलांच्या हाताने काढून घेता येतो, आणि त्याला सायकलचे यंत्र लागतही नाही. कारण लहान चुंबकाचे क्षेत्रही याच नियमाने घटते.

साहित्य अगदी थोडे: एक होकायंत्र, कोनमापक छापलेला कागद, मोजपट्टी, आणि शर्टाच्या बटणाएवढा, एक सेंटिमीटर व्यासाचा निओडिमियम चुंबक. टेबल लाकडी हवे आणि जवळ मोबाइल नको. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण स्थिरावू द्या. मग तिच्या पूर्वेला चुंबक असा ठेवा की त्याचा अक्ष पूर्व-पश्चिम येईल. जुन्या अभ्यासक्रमात विचलन चुंबकत्वमापी शिकलेल्यांना ही ‘टॅन ए’ स्थिती आठवेल. आता पृथ्वीचे क्षेत्र सुईला उत्तरेकडे ओढते आणि चुंबकाचे क्षेत्र बाजूला. विचलनाच्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, हे त्या दोन क्षेत्रांचे गुणोत्तर.

चुंबक पुढेमागे करून सुई बरोबर ४५ अंशांवर आणा. आमच्या चुंबकाला ते अंतर १० सेंटिमीटर आले. याचा अर्थ तिथे चुंबकाचे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राएवढे आहे. इथे थांबा आणि मुलांना विचारा: चुंबक २० सेंटिमीटरवर नेला तर सुई कुठे थांबेल? अंतराच्या साध्या व्यस्त प्रमाणात घट असेल तर स्पर्शक १/२, म्हणून कोन साडेसव्वीस अंश. वर्गाच्या प्रमाणात असेल तर १/४, म्हणजे १४ अंश. घनाच्या असेल तर १/८, म्हणजे ७ अंश. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा, हात वर करायला सांगा आणि मगच चुंबक सरकवा. आमच्या शिबिरात बहुतेक हात १४ ला वर झाले. वर्गाचा नियम सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो! सुई सातावर थांबली. १५ सेंटिमीटरवर सोळा-साडेसोळा यायला हवे. आम्हाला १६ मिळाले.

मोठा पट्टीचुंबक घेऊन हा प्रयोग करू नये. त्याची दोन टोके सुईपासून बरीच वेगवेगळ्या अंतरावर राहतात आणि घनाचा नियम बिघडतो. चुंबकाची लांबी अंतराच्या मानाने लहान असली तरच तो नीट लागू पडतो.

घनाचा हा नियम हाती आला की सायकलच्या यंत्राच्या पुष्कळशा खोडी उलगडतात. पल्ला दुप्पट करायचा तर वेटोळ्यातली धारा आठपट करावी लागेल. वेटोळे तेच ठेवले तर शक्ती धारेच्या वर्गात वाढते, म्हणजे चौसष्टपट. समजा सगळा घट संदेशांवरच खर्च होतो आणि तो वर्षभर पुरतो. दीड हाताचे तीन हात करायला गेलो तर तो सहा दिवसही पुरणार नाही. माहितीपत्रकांत साठ-सत्तर सेंटिमीटरचा पल्ला दिसतो तो यामुळे. हँडलपासून चिमट्यापर्यंत जेवढे लागते तेवढेच दिलेले असते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती सायकलस्वाराच्या सोयीची आहे. घट जुना होऊन ३ व्होल्टचा २.४ झाला, म्हणजे वेटोळ्यातली धारा पाचव्या हिश्श्याने घटली, तरी पल्ला फक्त सात टक्क्यांनी कमी होतो, सत्तरचा पासष्ट. पण संवेदक ६८ सेंटिमीटरवर बसवला असेल तर तेवढ्यानेच यंत्र बंद पडते आणि आपण घटाला दोष देतो. नवा घट घातला की काही दिवस चालते, म्हणून घटच वाईट अशी खात्रीही पटते. त्यापेक्षा संवेदक चिमट्यावर दहा सेंटिमीटर वर सरकवावा. ७० चे ६० सेंटिमीटर झाले की संदेश जवळजवळ एक पूर्णांक सहा दशांशपट होतो. कोणताही नवा घट एवढे देणार नाही. अर्थात आऱ्यावरचा चुंबकही तेवढाच बाहेर, धावेकडे सरकवावा लागतो. तिथे तो जास्त वेगाने जातो, पण ताशी तीस किलोमीटरलाही रीड स्विचला दोनएक मिलिसेकंद मिळतात आणि ते पुरतात.

वेटोळ्यांची दिशाही महत्त्वाची. दोन वेटोळी एकाच अक्षावर समोरासमोर असतील तर जोड सर्वांत चांगला. शेजारी शेजारी समांतर असतील तर त्याच्या निम्मा. एकमेकांना काटकोनात ठेवली तर काही जागी संदेश पूर्ण नाहीसा होतो. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर रेडिओ फिरवला की स्टेशन बारीक-मोठे होते, त्यामागेही आतल्या फेराइट दांडीवरचे असेच वेटोळे असते. त्यामुळे संवेदक तिरपा झाला की अंतर न बदलताही आकडे गाळायला लागतो. दर दोन संदेशांतला एक गाळला तर पडद्यावर वेग निम्मा दिसतो, आणि सायकलस्वाराला उगाच वाटते की आपण दमलो.

एक खोड मात्र आम्हाला बरेच दिवस उलगडली नव्हती. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघताना, सायकल स्टँडवर उभी असताना, पडद्यावर ताशी ६४ किलोमीटर दिसत. चाक जागचे हललेले नाही! आम्ही आधी रस्त्याकडेच्या विजेच्या तारांना बोल लावला, मग खिशातल्या मोबाइलला. आमच्यापैकी एकाने तर स्टँडच्या भिंतीआडून केबल गेली आहे का, हेही पाहून घेतले. दोष निघाला हँडलवर, पडद्याच्या शेजारी लावलेल्या नव्या एलईडी दिव्यात. अशा दिव्यात घटाचे विभवांतर बदलण्यासाठी धारा सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करणारे मंडल असते, आणि तेही भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. दिवा पडद्यापासून ५ सेंटिमीटरवर होता आणि संवेदक ६५ वर. अंतरांचे गुणोत्तर १३, त्याचा घन २१९७. म्हणजे दिव्यातली गळती संवेदकाच्या बावीसशेव्या हिश्श्याएवढी असली तरी पडद्याला दोन्ही सारखीच भासणार. यात बिचाऱ्या संवेदकाचा काय दोष? दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला, २० सेंटिमीटरवर नेला. अंतर चौपट, गळती चौसष्टावा भाग. ताशी ६४ किलोमीटर गेले ते गेलेच.

वर्गात हे दाखवायला मध्यम लहरींचा जुना रेडिओ पुरे. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि पेटलेल्या एलईडी दिव्याजवळ किंवा मोबाइल चार्जरजवळ न्या. खरखर वाढते. हातभर मागे घ्या, ती बरीचशी गळून पडते. जवळ धरून रेडिओ नुसता फिरवला तर एका दिशेला खरखर अगदी मंदावते. विजेच्या वायरी मात्र हा गोंगाट दूरवर वाहून नेतात, म्हणून घटावरचा दिवा घेतलेला बरा.

आता बाईंच्या संवेदकाकडे येऊ. त्याची वारंवारता २.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तिचा एक षष्ठांश दोन सेंटिमीटर. निकटक्षेत्र डबीच्या कडेलाच संपते आणि पुढे खरा तरंग सुरू होतो. तीनेक सेंटिमीटरचा वाहक, तरंगलांबीचा चौथा भाग, या कामाला अगदी योग्य मापाचा. त्यामुळे मिलिवॅटभर शक्ती अंगणातून घरात पोचते. घट तोच राहिला. बदलले ते डबीच्या मापाचे तरंगलांबीशी नाते. अशा संवेदकांच्या संदेशात स्वतःचा क्रमांकही असतो, म्हणून शेजारच्या सायकलचा वेग आपल्या पडद्यावर येत नाही. जुन्या पद्धतीत ते काम आखूड पल्लाच करत असे, आणि दोन सायकली हँडलला हँडल लावून चालल्या तर फसतही असे.

म्हणून जुनी पद्धत टाकाऊ ठरवण्याची घाई नको. २.४ गिगाहर्ट्‌झचे तरंग पाण्यात शोषले जातात, आणि आपले शरीर बरेचसे पाणीच आहे. कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला शरीर जवळजवळ आडवे येत नाही. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीवरच्या पट्ट्याकडून मनगटावरच्या घड्याळाकडे हृदयाचे ठोके पाठवणारे यंत्र आणले. पोलरच्या अशा पट्ट्यांची वारंवारता सुमारे ५ किलोहर्ट्‌झ, तरंगलांबी साठ किलोमीटर आणि पल्ला मीटरभर! तलावात पोहणाऱ्याचे ठोकेही या पद्धतीने मनगटावर पोचतात. तिथे ब्लूटूथ फुटभरही धड जात नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळे सांगून झाल्यावर बाईंनी होकायंत्र आणि चुंबक मागून नेला. महिन्याभराने त्यांच्या नववीच्या मुलांचे आकडे पत्राने आले. १० सेंटिमीटरपासून २० पर्यंत घनाचा नियम छान जुळला होता. २५ सेंटिमीटरला मात्र पावणेचार अंशांऐवजी सगळ्या गटांना सहाच्या आसपास मिळाले होते, आणि तेही फक्त चुंबक पूर्वेला असताना. पश्चिमेला ठेवल्यावर दोनच्या जरा खाली. टेबलाखाली लोखंडी पाय होता का, की चुंबक नसतानाच सुई शून्यावर नव्हती, हे मुले शोधत आहेत. तुमच्या वर्गात प्रयोग केलात तर चुंबक दोन्ही बाजूंना ठेवून घेतलेले आकडे आम्हाला जरूर कळवा.